‘तुझा नावाचा दिवस कधी असतो?’

चेक प्रजासत्ताकातील ब्र्नो शहरात नोकरीसाठी गेलेल्या एका तरुण अभियंता भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९ मार्चच्या सकाळी त्यांच्या कार्यालयातील जोसेफ नावाच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घरून केक आणि छोटे पाव आणून टेबलावर मांडले, सगळ्यांनी त्यांचा हात हातात घेऊन शुभेच्छा दिल्या, आणि या भगिनींनी आपल्याकडच्या सवयीने ‘कितवा वाढदिवस?’ असे विचारताच टेबलाभोवती हशा पिकला. तो वाढदिवस नव्हता, ‘जोसेफ’ या नावाचा दिवस होता. नंतर सहकाऱ्यांनी ‘तुझा दिवस कधी?’ असे विचारले, यांच्या नावाचा अर्थ ‘प्रकाश’ असल्याचे कळल्यावर ‘मग २० मार्च घे, उद्याच आहे’ असे सुचवले, आणि भगिनी गोंधळल्या. हा दिवस म्हणजे आपल्याकडचे बारसे आहे का, तो धार्मिक आहे का, आपण हिंदू असून त्यात भाग घ्यावा का, आणि दिलेली तारीख स्वीकारावी का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. गेली २२ वर्षे मी चेक आणि पोलिश या भाषांची दुभाषी म्हणून काम करते आणि महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्या अभियंत्यांना तेथील रीतिभाती शिकवते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे, आणि वयाची विचारणा करण्याची ही चूक मी स्वतःही पहिल्या वर्षी केलेली आहे.

प्रथम बारशाविषयी. बारसे माणसाचे असते आणि ते आयुष्यात एकदाच होते. बाळाला पाळण्यात घालून कानात नाव सांगितले की विधी संपतो, आणि त्या तिथीची पुढे कोणी आठवणही ठेवत नाही. नावाचा दिवस याच्या नेमका उलट आहे. तो दरवर्षी येतो, आणि तो माणसाचा नसून नावाचा असतो. कॅलेंडरातील एक तारीख ‘जोसेफ’ या नावासाठी राखून ठेवलेली असते, त्या दिवशी देशातील यच्चयावत जोसेफ मंडळींचा, म्हणजे तान्ह्या जोसेफपासून नव्वदीच्या जोसेफपर्यंत सर्वांचा, एकाच वेळी मान होतो. म्हणूनच ‘कितवा?’ हा प्रश्न तेथे निरर्थक ठरतो. नावाला वय नसते. सहकारी हसले ते या विसंगतीला हसले, त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही.

ही तारीख ठरते कशी, हे पाहिले की परंपरेचा गाभा हाती लागतो, आणि मराठी वाचकाला तो समजून घेणे इतर भारतीयांपेक्षा सोपे जावे असे मला नेहमी वाटते. ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या शतकांत रोमन सत्तेने ज्यांना ठार मारले, त्या हुतात्म्यांच्या समाधीपाशी त्यांचे अनुयायी दरवर्षी मृत्यूच्याच दिवशी जमत असत, आणि त्या दिवसाला ‘जन्मदिवस’ म्हणत असत. स्मिर्ना येथील धर्मगुरू पॉलिकार्प यांना दुसऱ्या शतकाच्या मध्यास जिवंत जाळण्यात आले, त्या प्रसंगाच्या प्राचीन वृत्तान्तात अशा वार्षिक मेळाव्याचा उल्लेख ‘जन्मदिन’ असाच येतो. देहाचा अंत म्हणजे स्वर्गातील जन्म, अशी ही धारणा होती. आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधीचा सोहळा होतो, देहूला फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीज होते, आणि या दोन्ही ठिकाणी जमलेला समाज शोक करत नाही, उत्सव करतो. संताच्या जन्मापेक्षा त्याच्या निर्याणाचा दिवस मोठा का, हे वारकरी घरात वाढलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. पाश्चात्त्य देशांतून आलेले माझे काही विद्यार्थी मात्र येथे अडखळतात.

याउलट प्रत्यक्ष जन्मदिवस साजरा करणे आरंभीच्या ख्रिस्ती विचारवंतांना पसंत नव्हते. तिसऱ्या शतकातील ओरिगेन या पंडिताने असे दाखवून दिले होते की बायबलमध्ये वाढदिवस साजरा करताना दिसतात ते इजिप्तचा फारो आणि हेरोद हे दोघे राजे, आणि दोघांच्याही मेजवानीला कोणाचा तरी जीव गेला आहे. फारोने आपल्या आचाऱ्याला फासावर टांगले आणि हेरोदाने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर उडवले. (तरीही याच योहानाचा जन्मदिवस, २४ जून, चर्चने सणांत घेतला. संतांपैकी जन्माचा दिवस पाळला जावा असा मान त्याला आणि ८ सप्टेंबरला येशूची आई मरिया हिला मिळाला आहे, आणि हे दोघे नियमाला अपवाद आहेत.)

मात्र वारकरी परंपरेशी असलेले हे साम्य एका टप्प्यावर थांबते. तुकाराम बीजेला देहूला लाखो लोक जातात, परंतु त्या दिवशी शेजारच्या तुकाराम नावाच्या माणसाच्या दारात जाऊन कोणी त्याचे अभिनंदन करत नाही, आणि रामनवमीला आपण वर्गातील सगळ्या रामांना फुले देत नाही. युरोपात हे पुढचे पाऊल पडले, कारण तेथे नाव देणे हे बाप्तिस्म्याशी जोडले गेले होते, आणि ज्या संताचे नाव घेतले तो संत त्या मुलाचा आयुष्यभराचा पाठीराखा होतो अशी श्रद्धा रूढ झाली होती. संताचा दिवस तो त्याच्या नावाच्या प्रत्येक माणसाचा दिवस ठरला. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरच्या बंडानंतर कॅथलिक चर्चने ट्रेंट येथे १५४५ ते १५६३ या काळात जी धर्मसभा भरवली, तिच्या निर्णयांनुसार १५६६ मध्ये निघालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात मुलांना पुण्यवान संतांचीच नावे द्यावीत असा स्पष्ट उपदेश आहे. त्यामुळे कॅथलिक देशांत ही प्रथा पक्की झाली.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते, म्हणजे हा दिवस आज धार्मिक आहे का. चेक लोकांपुरते सांगायचे तर उगम धार्मिक आहे आणि आचरण नाही. चेक प्रजासत्ताकात स्वतःला कोणत्याही धर्माचे न म्हणवणाऱ्यांचे प्रमाण युरोपातील मोठ्या प्रमाणांपैकी एक आहे, तरीही नावाचा दिवस तेथे कोणी सोडलेला नाही. चेक भाषेत या दिवसाला ‘स्वातेक’ म्हणतात. तो शब्द ‘स्वाती’ म्हणजे पवित्र, संत, या शब्दावरून आला आहे, पण आज त्याचा अर्थ आपल्या ‘सण’ या शब्दासारखा सैल झाला आहे. रेडिओवर सकाळी ‘आज अमुक नावाचा स्वातेक आहे’ असे सांगतात आणि फुलवाले दुकानाबाहेरच्या पाटीवर त्या दिवसाचे नाव खडूने लिहून ठेवतात. विसराळू नवऱ्यांची त्या पाटीने किती लाज राखली असेल याचा हिशेब नाही.

शिवाय कॅलेंडरातील सगळी नावे संतांची नाहीत. एकोणिसाव्या शतकात चेक भाषेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ झाली तेव्हापासून जुन्या स्लाव्ह नावांना नव्याने मान मिळाला आणि कॅलेंडरातही ती स्थिरावली, उदाहरणार्थ २७ एप्रिलला येणारे यारोस्लाव्ह. उलट बाजूने काही संत राष्ट्राचेच झाले. बोहेमियाचा, म्हणजे जुन्या चेक भूमीचा, ड्यूक (सरदार-शासक) वाक्लाव्ह याला दहाव्या शतकात त्याच्या सख्ख्या भावाच्या माणसांनी चर्चच्या दाराशी मारले, ती तारीख २८ सप्टेंबर मानली जाते, आणि आज ती एकाच वेळी संताची पुण्यतिथी, वाक्लाव्ह नावाच्या सर्वांचा स्वातेक आणि चेक राज्याची सार्वजनिक सुट्टी आहे. ३१ डिसेंबरची गंमत तर याहून पुढची आहे. पोप सिल्व्हेस्टर ३३५ साली त्या दिवशी वारले, म्हणून तो सिल्व्हेस्टर नावाचा दिवस झाला, आणि आता चेक माणूस वर्षअखेरच्या रात्रीलाच ‘सिल्व्हेस्टर’ म्हणतो. त्या नावाची व्यक्ती ओळखीत नसली तरी त्याला चालते.

यादी कोणाच्या हातात असते, हा मला या विषयातील सर्वांत रोचक भाग वाटतो. आपल्याकडे पंचांगकर्त्यांचे जे स्थान आहे, ते तिकडे पंचांग छापणाऱ्यांचे होते. स्वीडन सोळाव्या शतकात ल्यूथरच्या पंथात गेले, संतांची आराधना तेथे बंद झाली, पण नावांचे दिवस टिकले, कारण ते छापील पंचांगात होते. १७४७ पासून १९७२ पर्यंत स्वीडिश पंचांग छापण्याचा एकाधिकार तेथील राजेशाही विज्ञान अकादमीकडे होता, म्हणजे कोणत्या नावाला दिवस मिळणार हे सव्वादोनशे वर्षे शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या हाती होते. फिनलंडमध्ये ही यादी हेलसिंकी विद्यापीठ सांभाळते, आणि माणसांबरोबर कुत्री, मांजरे आणि घोडे यांच्या नावांचेही दिवस तेथे ठरवून दिलेले आहेत. फ्रान्सने याहून कडक मार्ग धरला होता. १८०३ च्या कायद्याने मुलांची नावे कॅलेंडरांतून किंवा प्राचीन इतिहासातूनच निवडण्याचे बंधन घातले, आणि ते पूर्णपणे सैल व्हायला १९९३ साल उजाडावे लागले. तेथे नावाला दिवस मिळण्याऐवजी दिवसांच्या यादीवरून नाव मिळत असे.

देशोदेशी या दिवसाचे वजन सारखे नाही, आणि बदली होऊन चेकमधून पोलंडला किंवा बल्गेरियाला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चेक लोकांत स्वातेक हा छोटा सण आहे, वाढदिवस त्याहून मोठा, आणि पन्नास, साठ असे पूर्ण दशकांचे वाढदिवस सर्वांत मोठे. पोलंडमध्ये, विशेषतः जुन्या पिढीत, प्रौढ माणसाचा खरा दिवस म्हणजे ‘इमियेनिनी’, नावाचाच दिवस. वाढदिवस मुलांचा, असा तेथील जुना भाव आहे, मात्र वरच्या सिलेशियासारख्या भागात लोक वाढदिवसालाच अधिक मानतात. पोलिश कॅलेंडरात एकाच नावाचे अनेक दिवस असतात, आणि आपल्या वाढदिवसानंतर लगेच येणारा दिवस माणूस आपला मानतो. शुभेच्छा म्हणून ‘स्तो लात’ हे गाणे म्हणतात, ज्याचा अर्थ ‘शंभर वर्षे’. त्यातला ‘स्तो’ आणि आपला ‘शत’, तसेच ‘इमियेनिनी’तील ‘इमिये’ आणि आपले ‘नाम’ हे शब्द एकाच प्राचीन मुळातून फुटलेले आहेत, म्हणजे ‘जीवेत् शरदः शतम्’ म्हणणारे आपण आणि ‘स्तो लात’ म्हणणारे ते शब्दांनीही दूरचे भाऊबंद ठरतो.

ग्रीसमध्ये हा दिवस घराचे दार उघडे ठेवण्याचा आहे. ६ डिसेंबरला निकोलाओस, २१ मे रोजी कॉन्स्टंटिनोस आणि एलेनी, १५ ऑगस्टला मारिया. त्या त्या दिवशी त्या नावाच्या माणसाकडे ओळखीचे लोक येतात, ‘ख्रोन्या पोला’ म्हणजे ‘अनेक वर्षे लाभोत’ असे म्हणतात आणि यजमान त्यांचे तोंड गोड करतो. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव देण्याची चाल तेथे अजून पुष्कळ घरांत आहे, त्यामुळे आजोबा आणि नातू यांचा दिवस एकच असतो. येओर्गिओस नावाचा दिवस २३ एप्रिल, पण ईस्टर त्याच्या नंतर येत असेल तर उपवासाच्या काळात मेजवानी नको म्हणून तो दिवस ईस्टरनंतरच्या सोमवारी सरकतो. तिथीने वाढदिवस करणाऱ्या मराठी घराला यात नवल वाटू नये. बल्गेरियात तर असे म्हणतातच की नावाच्या दिवसाला निमंत्रणाशिवाय जायचे असते. तेथे ६ डिसेंबरला निकोलाय नावाच्या घरी गेलात तर ताटात मासा असतो, बहुधा कार्प, कारण संत निकोलस खलाशांचा आणि कोळ्यांचा रक्षक आहे.

शेजारच्या सर्बियात असलेली ‘स्लाव्हा’ ही प्रथा मात्र नावाच्या दिवसात मोजू नये. ती व्यक्तीच्या नावाशी बांधलेली नसून कुटुंबाच्या संताची आहे, वडिलांकडून मुलाकडे वारशाने जाते, आणि त्या दिवशी खास पाव आणि शिजवलेला गोड गहू करतात. तिला मराठीत कुलदैवताचा दिवस म्हटले की पुरेसे आहे. २०१४ साली युनेस्कोने तिची नोंद मानवजातीच्या वारशात केली.

मग आपल्याला हे काहीच कसे माहीत नाही, असे मला वर्गात हमखास विचारतात. माझ्या मते कारण सरळ आहे. युरोपची जी रीत शहरी महाराष्ट्राने उचलली, ती केक आणि मेणबत्त्यांच्या वाढदिवसाची, आणि ती इंग्रजांकडून आली. इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेनंतर नावांच्या दिवसांची प्रथा उरलीच नव्हती, मग ती इकडे येणार कोठून? पोर्तुगीजांच्या मार्गाने मात्र संतांचे दिवस आपल्या किनाऱ्यावर पोहोचले. गोव्यात २४ जूनला सांजांव, म्हणजे त्याच संत योहानाचा सण, होतो, डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून तरुण विहिरींत उड्या मारतात आणि नव्या जावयाचे कौतुक होते. २९ जूनला संत पेद्रूचा सांगोड, म्हणजे होड्या जोडून केलेला तराफा, नदीत तरंगतो. १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेल्या वसईच्या ख्रिस्ती गावांतही संतांची नावे आणि त्यांचे सण रुजलेले आहेत. परंतु येथे भर गावाच्या किंवा चर्चच्या सणावर पडला, एकेका माणसाच्या नावाच्या दिवसावर नव्हे.

आता कार्यालयातील वागणुकीविषयी, कारण खरी अडचण तेथेच असते. ज्याचा दिवस असतो तोच खाऊ आणतो, हा चेक कार्यालयाचा नियम आहे, म्हणून टेबलावरचे उचलण्यात संकोच करू नये आणि त्याच्या बदल्यात भारी भेटही देऊ नये. हात मिळवावा, डोळ्यांत पाहावे आणि ‘फ्शेख्नो नेय्लेप्शी क् स्वात्कू’ म्हणावे. चेक भाषेत मराठीसारखीच संबोधन विभक्ती आहे, त्यामुळे ‘जोसेफ’ला हाक मारताना ‘योसेफे’ होते. हे जमले तर केकपेक्षा जास्त आनंद देऊन जाते, असा माझा अनुभव आहे. अहो-जाहोच्या नात्यातील माणसाला मात्र ‘पान’, म्हणजे श्रीयुत, लावून आडनावाने संबोधावे, कारण स्वातेक आहे म्हणून नुसत्या नावाने हाक मारण्याची मुभा मिळत नाही. स्त्री सहकाऱ्याला फुले द्यायची असल्यास ती विषम संख्येत द्यावीत, सम संख्येतील फुले तेथे अंत्यविधीला नेतात. चॉकलेटची एक पेटी सर्वांना चालते. पैशाचे पाकीट मात्र नको, आपल्याकडचे अकरा किंवा एकशे एक रुपयांचे शुभ पाकीट तिथे कोड्यात टाकते.

सहभागी व्हावे का, याचे माझे उत्तर होय असे आहे. शुभेच्छा देण्याने वा घेण्याने कोणी कोणाच्या धर्मात जात नाही, आणि जोसेफ यांच्यापैकी कित्येकांनी चर्चची पायरी लग्नातही चढलेली नसते. ज्यांच्या मनाला तरीही खटकते, त्यांनी हसून शुभेच्छा द्याव्यात आणि स्वतःसाठी दिवस घेऊ नये. ते कोणालाही उद्धट वाटत नाही.

शेवटी २० मार्चच्या तारखेविषयी. चेक कॅलेंडरात १९ मार्च जोसेफचा आणि २० मार्च स्वेतलाना या नावाचा आहे. ‘स्वेत्लो’ म्हणजे प्रकाश, म्हणून सहकाऱ्यांनी ती तारीख सुचवली. ही थट्टा नाही. यादीत नसलेल्या नावांचे काय करायचे हा प्रश्न त्यांनाही पडतो, आणि देशोदेशी त्यावर तोडगे निघाले आहेत. लॅटव्हियात २२ मे हा दिवस कॅलेंडरात नसलेल्या सर्व नावांसाठी राखून ठेवला आहे. ग्रीसमध्ये ज्याच्या नावाचा संत नाही, तो सर्व संतांच्या रविवारी शुभेच्छा घेतो. चेक लोकांकडे असा राखीव दिवस नाही, म्हणून ते अर्थावरून नाव जुळवून पाहतात. माझ्या ओळखीच्या एका आशाला १७ सप्टेंबर मिळाला, कारण त्या दिवशी नाद्येझ्दा, म्हणजेच आशा, असते. एका श्रद्धाला ८ ऑक्टोबरची व्येरा मिळाली आणि एका विजयला २८ जुलैचा व्हिक्टर. आपल्या माणसांत तुम्हाला मोजल्याशिवाय कोणी असा खटाटोप करत नाही, त्यामुळे माझ्या मते ती तारीख आनंदाने घ्यावी.

फक्त ती घेतली की तिचे कर्तव्यही घ्यावे लागते, आणि यंदाचा २० मार्च नुसता ‘हो’ म्हणण्यात निघून गेला असेल तर पुढच्या वर्षी सकाळी टेबलावर काहीतरी असलेच पाहिजे. पुरणपोळी करण्याच्या भरीस पडू नये, गार झाल्यावर ती कोणाला समजावता येत नाही. शंकरपाळे आणि बेताच्या तिखटाचा चिवडा न्यावा, शेजारी दुकानातून आणलेल्या ख्लेबीच्की, म्हणजे वरून सजवलेल्या पावाच्या चकत्या, ठेवाव्यात, त्यांतल्या काही बिनमांसाच्या आहेत हे आधी पाहून घ्यावे. आदल्या दिवशी जोसेफ यांचा केक येणारच असल्यामुळे गोड थोडे कमी नेले तरी चालेल.